कर्मचाऱ्यांच्या गौरवासाठी स्मृतिचिन्ह निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमआयडीसीतले कारखाने, सहकारी बँका, पतसंस्था, शाळा आणि आयटी कंपन्यांचे एचआर विभाग यांच्याकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कुठलाही प्रश्न सुटा वाचला तरी चालेल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

1. ट्रॉफी, सन्मानचिन्ह, स्मृतिचिन्ह आणि मानपत्र यांत नेमका फरक काय?

ट्रॉफी स्पर्धेत जिंकलेल्याला देतात: क्रिकेट, क्वालिटी सर्कल, सेल्स टार्गेट. सन्मानचिन्ह एखाद्या कामगिरीसाठी असतं. स्मृतिचिन्ह हे काळाची, सोबतीची आठवण म्हणून दिलं जातं: सेवानिवृत्ती, 25 वर्षं पूर्ण होणं, प्रकल्प संपणं. मानपत्र म्हणजे वाचून दाखवायचा मजकूर, साधारण 200 ते 250 शब्दांचा, फ्रेम करून दिलेला.

फरक समजून घ्यायचा तो खरेदीसाठी. निवृत्त होणाऱ्या माणसाच्या हातात विजयाचा कप दिला तर तो विजोड दिसतो. आणि मजकूर लांब असेल तर तो चिन्हावर कोंबायचा नाही, त्यासाठी मानपत्र करायचं. सेवानिवृत्तीला छोटं चिन्ह आणि नीट लिहिलेलं मानपत्र ही जोडी आम्हाला सर्वांत चांगली वाटते.

2. माणशी किती खर्च धरावा?

आकडा शहर, संख्या आणि साहित्याप्रमाणे बदलतो. त्यापेक्षा वाटणी महत्त्वाची. एकूण रकमेचे दहा भाग केले तर त्यांपैकी साधारण सहा भाग वस्तूला, दोन भाग कोरीवकाम आणि मजकुराला, एक भाग पेटीला आणि एक भाग राखीव (चुका, तुटफूट, जादा नग) असं धरा. बहुतेक ठिकाणी सगळे पैसे वस्तूवर जातात आणि नाव शेवटी स्टिकरवर छापलं जातं. हे उलटं आहे. साधी वस्तू आणि खोल, स्वच्छ कोरलेलं नाव हे महागडी वस्तू आणि सुटणारं स्टिकर यापेक्षा कितीतरी बरं.

दिवाळीची भेट आणि हे चिन्ह मिळून करमर्यादेत बसतं का, ते आधीच पाहा (प्रश्न 15).

3. ॲक्रिलिक, क्रिस्टल, लाकूड की पितळ?

ॲक्रिलिक हलकं, स्वस्त आणि लवकर मिळणारं. 5 मिमी जाडीचं पान हातात घेतल्यावर पट्टीसारखं वाटतं. किमान 10 ते 12 मिमी घ्या. कोरीवकाम मागच्या बाजूने करून समोरून वाचता येईल असं करवून घेतलं तर अक्षरांत धूळ बसत नाही. ॲक्रिलिकचा मोठा शत्रू म्हणजे काच पुसायचा स्प्रे आणि सॅनिटायझर. अल्कोहोल किंवा अमोनिया लागला की कापलेल्या कडांपासून आत केसासारख्या बारीक भेगा पसरतात आणि त्या परत जात नाहीत.

क्रिस्टल म्हणून जे विकलं जातं ती बहुतेक वेळा शिशाविना बनवलेली ऑप्टिकल काच असते, बाजारात तिला के9 म्हणतात. त्यात वाईट काही नाही, फक्त भाव त्याच हिशेबाने द्या. वजन आधी काढता येतं: 15 × 10 × 2 सेंमीचा ठोकळा म्हणजे 300 घन सेंमी, काचेत तो सुमारे 750 ग्रॅम भरतो, ॲक्रिलिकमध्ये सुमारे 360. विक्रेत्याने क्रिस्टल म्हणून ॲक्रिलिक दिलं आहे का, हे काट्यावर ठेवलं की लगेच कळतं. काचेचे कोपरे टवके उडण्यासारखे असतात, म्हणून कडा थोड्या घासून तिरक्या केलेल्या घ्या.

लाकडात साग किंवा शिसम असेल तर ते वर्षानुवर्षं टिकतं. पण "वुडन" म्हणून जे स्वस्तात मिळतं ते वर कागद चिकटवलेलं एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला तक्ता) असतं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोव्याच्या पावसाळ्यात ते कडांपासून फुगतं. कोकणात द्यायचं असेल तर एमडीएफ नकोच.

पितळी पट्टी लाकडावर बसवताना दुहेरी चिकटपट्टी वापरली जाते आणि दोन उन्हाळ्यांत पट्टी निसटते. चार कोपऱ्यांना बारीक स्क्रू मारायला सांगा, खर्च नगण्य आहे. पितळेवर नाव कोरायला फायबर लेझर किंवा रासायनिक एचिंग लागतं. लाकूड-ॲक्रिलिक कोरणारं साधं सीओटू लेझर उघड्या पितळेवर उमटत नाही. त्यामुळे "आमच्याकडे लेझर आहे" एवढ्यावर थांबू नका, कोणतं लेझर आणि कुठल्या धातूवर, ते विचारा.

4. आकार केवढा असावा?

घरच्या शोकेसची खोली साधारण 20 ते 25 सेंमी असते, कप्प्याची उंची त्याहून फार जास्त नसते. 20 सेंमीपर्यंतचं चिन्ह घरात जागा मिळवतं. दीड फुटी ट्रॉफी स्टेजवर शोभते आणि नंतर कपाटावर खोक्यातच राहते.

5. चिन्हावर काय लिहावं?

सगळ्या प्रश्नांत हा सर्वांत महत्त्वाचा. पाच गोष्टी पुरतात: नाव, कशासाठी, कधीपासून कधीपर्यंत (किंवा कधी), संस्थेचं नाव, प्रदानाची तारीख. एकूण 25 ते 30 शब्दांच्या आत.

"आपल्या अमूल्य योगदानाबद्दल" ही ओळ कोणालाही लागू पडते, म्हणून ती कोणाचीच नसते. तीच जागा अशी वापरता येते:

"ऑगस्ट 2019 च्या महापुरात पंपहाऊस बंद पडू न दिल्याबद्दल."
"31 वर्षं कॅश काउंटरवर, एकाही दिवशी हिशेबात फरक नाही."
"सीएनसी विभागातल्या 14 प्रशिक्षणार्थींना हाताला धरून शिकवल्याबद्दल."

अशी ओळ एचआरच्या फायलीत सापडत नाही. ती त्या माणसाच्या दोन सहकाऱ्यांकडून आणि एका जुन्या सुपरवायझरकडून मिळते. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: "हे नसते तर काय अडलं असतं?" उत्तरातलं सर्वांत ठोस वाक्य उचला आणि त्यातला आकडा, वर्ष तपासून घ्या. खोटा किंवा फुगवलेला आकडा कोरला गेला तर तो वाचणारा प्रत्येक सहकारी ते ओळखतो.

टाळायच्या गोष्टी दोन. एक, "मा. श्री. अमुक यांच्या शुभहस्ते". पाहुणे आयत्या वेळी बदलतात आणि सगळी चिन्हं चुकीची ठरतात. शिवाय पाहुण्यांचं नाव सत्कारमूर्तीपेक्षा ठळक होऊन बसतं. ते निमंत्रणपत्रिकेवर शोभतं. दुसरी, भलामोठा लोगो. चिन्हाच्या आठव्या भागापेक्षा जास्त जागा लोगोला देऊ नका. घरी नेल्यावर ती वस्तू त्या माणसाची असते, कंपनीची जाहिरात नसते.

आणि शुद्धलेखन: शब्द "स्मृतिचिन्ह" असा लिहितात, "ति" ऱ्हस्व. "स्मृतीचिन्ह" कोरलेली शेकडो चिन्हं आज घराघरांत आहेत.

6. देवनागरी मजकूर दिला की विक्रेत्याकडून जोडाक्षरं तुटून येतात. काय करावं?

कारण असं: तुम्ही व्हॉट्सॲपवर युनिकोडमध्ये नाव पाठवता. विक्रेत्याच्या कॉम्प्युटरवर कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती आणि श्रीलिपी किंवा कृतिदेवसारखे जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट असतात. तिथे चिकटवताना किंवा कन्व्हर्टरमधून नेताना अक्षरं फुटतात. सर्वांत आधी मोडतो तो "ऱ्य" आणि "ऱ्ह". खुद्द "कर्मचाऱ्यांना" हा शब्द "कर्मचार्यांना" होऊन येतो, आणि गोऱ्हे, कुऱ्हाडे ही आडनावं तर ओळखू येत नाहीत. त्यानंतर "विठ्ठल"मधला ठ्ठ, "उद्धव"मधला द्ध, "ॲड."मधला ॲ.

ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याला एक चाचणी-ओळ पाठवा आणि तिचा छापील नमुना मागवा: "कर्मचाऱ्यांना, कुऱ्हाडे, विठ्ठल, उद्धव, श्रीकृष्ण, ज्ञानेश्वर, ॲड., सुश्री." ही ओळ नीट आली तर पुढे जा. नाही आली तर मजकूर तुमच्याकडेच तयार करा: "मुक्त" (Mukta) किंवा "तिरो देवनागरी मराठी" (Tiro Devanagari Marathi) असा युनिकोड फॉन्ट घ्या (दोन्ही मोफत मिळतात), अक्षरांचं रेषाचित्रात रूपांतर करा, म्हणजे कोरलच्या भाषेत "कर्व्ह" करा, आणि पीडीएफ पाठवा. मग विक्रेत्याकडे फॉन्ट असो-नसो, अक्षर हलत नाही. फॉन्ट निवडताना ल आणि श मराठी वळणाचे आहेत ना, तेही पाहा. हिंदी वळणाचा ल मराठी डोळ्याला लगेच खटकतो.

आकारही महत्त्वाचा. इंग्रजी अक्षर 3 मिमी उंचीला वाचता येतं, पण देवनागरीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असल्यामुळे मूळ अक्षरालाच किमान 4 ते 5 मिमी लागतात. नावाला 7-8 मिमी द्या. काचेवर सँडब्लास्टिंग (वाळूच्या माऱ्याने कोरणं) करायचं असेल तर अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक रेषा उडून जातात, म्हणून मध्यम जाडीचा फॉन्ट घ्या.

7. नावं गोळा कशी करायची? श्री., सौ., श्रीमती लावायचं का?

पगारपत्रकातून नावं उचलू नका. तिथे ती इंग्रजीत असतात आणि त्यावरून देवनागरी करताना डिसोझा-डिसूझा, पाटणकर-पटणकर, शेख-शैख असे घोळ होतात. प्रत्येकाकडून स्वतःच्या हाताने, "चिन्हावर जसं हवं तसं" नाव लिहून घ्या. वडिलांचं किंवा पतीचं नाव मध्ये हवं का, हे ज्याचं त्याने ठरवायचं. कुणाला आईचं नाव हवं असतं, कुणाला आडनावच नको असतं.

"सौ." आपण होऊन कधीच लावू नका. लग्न, घटस्फोट, वैधव्य हे ऑफिसच्या चिन्हावर नोंदवायचे विषय नाहीत. सरसकट "श्री./श्रीमती" किंवा त्याहून चांगलं म्हणजे नुसतं नाव.

तपासणी दोघांनी मिळून करा. एकाने मूळ कागदावरून मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने प्रूफवर (विक्रेत्याने कोरण्याआधी पाठवलेल्या मसुद्यावर) बोट ठेवून पाहायचं. एकट्याने नुसत्या नजरेने तपासलेल्या यादीत चूक राहतेच.

8. किती दिवस आधी ऑर्डर द्यावी?

50 नगांसाठी: लेझरवरचं ॲक्रिलिक-काच 15 ते 20 दिवस, पितळ ओतीव असेल तर 35 ते 40, हाताने बनवलेली वस्तू 45 ते 60 दिवस. यातले शेवटचे सात दिवस स्वतःसाठी ठेवा. चिन्हं कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी आली तर दुरुस्तीला वेळच उरत नाही.

गर्दीचे दिवस ठरलेले आहेत: 26 जानेवारी, 4 मार्चचा राष्ट्रीय सुरक्षा दिन, 8 मार्च, 1 मे, 15 ऑगस्ट आणि गणपतीपासून दिवाळीपर्यंतचा सगळा काळ. सुरक्षा दिनाची ऑर्डर जानेवारीतच द्या.

क्रम असा ठेवा: नमुना हातात घेऊन पाहणं, यादी पक्की करणं, प्रूफ, सहीने मंजुरी, एक नग तयार करून पाहणं, मग बाकीचे. दर 25 नगांमागे दोन कोरे नग जादा घ्या. प्रश्न 20 मध्ये ते उपयोगी पडतील.

9. कॅटलॉगमधलं नको आहे. महाराष्ट्रातल्या हस्तकलेतून काय देता येईल?

पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीचं मठारकाम हा फार चांगला पर्याय. तांब्याच्या पत्र्यावर हातोडीचे ठोके शेजारी-शेजारी बसवून केलेलं ते काम उजेडात चमकतं. नाव मात्र ठोक्यांवर वाचता येत नाही, म्हणून भांड्याच्या तळाशी किंवा एका बाजूला गुळगुळीत पट्टा सोडायला आधीच सांगा. वस्तू शोभेची असेल तर लॅकर (पारदर्शक वार्निश) मारून घ्या म्हणजे काळी पडणार नाही. पाणी प्यायची असेल तर आतून लॅकर नको, आणि ताक-लिंबू ठेवू नये अशी चिठ्ठी सोबत द्या.

वारली चित्र देत असाल तर ते डहाणू, जव्हार, तलासरीच्या चित्रकारांकडून काढून घ्या, इंटरनेटवरून उतरवून कपावर छापू नका. ही कला भौगोलिक मानांकन असलेली आहे; जिव्या सोमा मशे यांनी ती भिंतीवरून कागद-कापडावर आणून जगभर नेली आणि त्यांना 2011 साली पद्मश्री मिळाली. चित्रकाराला तुमच्या कामाचा विषय द्या: शिफ्ट सुटल्यावरची गर्दी, दूध संकलन, नर्सरीतली रोपं. तारप्याच्या नाचाच्या जागी आपलं रोजचं काम त्या पांढऱ्या त्रिकोणी माणसांत दिसलं की बघणारा थांबतो. मागे चित्रकाराचं नाव आणि गाव लिहा.

सावंतवाडीचं लाखकाम केलेलं लाकूड आणि गंजिफा (हाताने रंगवलेले गोल पत्ते) हाही देखणा पर्याय आहे. दशावतारी गंजिफाचा पूर्ण डाव 120 पानांचा असतो. दोन-तीन गोल पानं फ्रेममध्ये बसवूनही सुंदर दिसतात. त्यावर देवांची चित्रं असतात, त्याबद्दल प्रश्न 12.

पैठणीचा मोर किंवा नारळी काठ चौकटीत देता येतो, फक्त तो विणलेला आहे ना, छापील नाही ना, हे उलट बाजू पाहून ठरवा. फ्रेमची काच कापडाला चिकटू देऊ नका, मध्ये 3-4 मिमी अंतर हवं, नाहीतर दमटपणाने डाग पडतात.

हस्तकलेत एक नग दुसऱ्यासारखा तंतोतंत नसतो. हे व्यवस्थापनाला आधीच सांगून ठेवा, नंतर "हा वाकडा का" असा वाद नको.

10. कारखान्यातल्या जुन्या सुट्या भागापासून स्मृतिचिन्ह करता येईल का?

नक्कीच, आणि आमच्या मते याहून अर्थपूर्ण दुसरं काही नाही. झिजलेला गिअर, इचलकरंजीच्या मागावरचा लाकडी धोटा, जुना शिक्का, बंद झालेल्या मशीनची नंबरप्लेट. ज्याने तीस वर्षं त्याला हात लावला आहे त्याला तो भाग डोळे मिटूनही ओळखता येतो. धोट्याच्या मधोमध बोटांनी गुळगुळीत झालेला भाग असतो, तो पॉलिश करून घालवू नका. तीच तर खरी आठवण.

कृती: भाग स्टोअर्सच्या रजिस्टरमध्ये भंगार म्हणून रीतसर वजा करून घ्या. रॉकेल किंवा डीग्रीजरने तेल काढा, तारेच्या ब्रशने गंज घासा, धारदार कडा कानशीने मारा. 24 तास कोरडा राहू द्या आणि मग पारदर्शक लॅकरचे दोन पातळ हात द्या. तेल नीट निघालं नसेल तर लॅकर पापुद्र्यासारखं सुटतं. खाली सागाची बैठक, भाग खालून बोल्टने आवळलेला, समोर पितळी पट्टी. एकूण वजन एक किलोच्या आत ठेवा. ॲस्बेस्टॉस असलेले जुने ब्रेक लायनर आणि रसायनांत वापरलेले व्हॉल्व्ह वापरू नका.

शेवटची गोष्ट हमखास विसरली जाते: गेटपास. कंपनीचा भाग पिशवीत घेऊन निघालेल्या सत्कारमूर्तीला निरोपाच्याच दिवशी सिक्युरिटीने अडवणं ही फार वाईट गोष्ट आहे. प्रत्येक चिन्हासोबत सही-शिक्क्याचा गेटपास पेटीतच ठेवा.

कोल्हापूर-इचलकरंजी भागात फाउंड्री जवळ असेल तर आपल्याच मुख्य उत्पादनाची छोटी पितळी किंवा ॲल्युमिनियमची प्रतिकृती वाळूच्या साच्यात ओतून घेता येते. नमुना एकदा केला की तो पुढे वर्षानुवर्षं वापरता येतो.

11. चांदीचं नाणं द्यायचं आहे. काय पाहावं?

शुद्धता कोरलेली हवी: 999 म्हणजे 99.9 टक्के, 925 म्हणजे 92.5 टक्के. बीआयएसचा हॉलमार्क मागून घ्या आणि बिलात वजन, शुद्धता, घडणावळ वेगवेगळी दाखवायला लावा. "जर्मन सिल्व्हर"मध्ये चांदी अजिबात नसते. तो तांबं, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू आहे. तो द्यायला हरकत नाही, पण चांदी म्हणून देऊ नका.

नाण्यावर नाव कोरायला जागा पुरत नाही. नाणं लाकडी चौकटीत बसवा आणि नाव चौकटीवर घ्या. हवेतल्या गंधकाने चांदी काळी पडते, म्हणून हवाबंद कॅप्सूल घ्या.

12. गणपतीची मूर्ती किंवा शिवाजी महाराजांचा पुतळा स्मृतिचिन्ह म्हणून चालेल का?

सरसकट सगळ्यांना देवाची मूर्ती देऊ नका. कर्मचाऱ्यांत वेगवेगळ्या धर्मांचे, आणि देव न मानणारेही असतात. मानणाऱ्यांचीही अडचण होते: घरात मूर्ती आणखी ठेवायची कुठे, भंगली तर काय करायचं. महाराजांचा किंवा बाबासाहेबांचा पुतळा देत असाल तर चेहरा नीट घडवलेला हवा. स्वस्त साच्यातला ओबडधोबड पुतळा न दिलेला बरा. लोगो किंवा माणसाचं नाव पुतळ्याच्या पायाशी कोरू नका, वेगळ्या पट्टीवर घ्या.

13. शाल-श्रीफळ द्यायलाच हवं का?

सक्ती नाही, पण महाराष्ट्रात शाल खांद्यावर पडली की सत्कार झाला असं माणसाला वाटतं, तेव्हा जमल्यास ठेवा. शाल चकचकीत पॉलिस्टरची न घेता सुती किंवा लोकरी, खरोखर वापरता येईल अशी घ्या. सोलापुरी चादर हाही उत्तम पर्याय.

ओवाळणं आणि कुंकू लावणं ठेवायचं असेल तर प्रत्येकाला आधी विचारा. आणि काही झालं तरी स्टेजवर सवाष्ण बायकांनाच हळदी-कुंकू आणि विधवा सहकारी तशाच उभ्या, असं होऊ देऊ नका. लावायचं तर सगळ्यांना, नाहीतर कुणालाच नाही.

14. कर्मचारीच म्हणतात, "चिन्ह नको, पैसे द्या." मग?

त्यांचं ऐका. पगार कमी असेल, बोनस रखडला असेल तर स्मृतिचिन्ह त्याची जागा घेऊ शकत नाही आणि तसा प्रयत्न केला तर ते चिन्ह कडू होतं. आधी देणं चुकतं करा. त्यानंतर साधं चिन्ह आणि सोबत रक्कम असं दोन्ही देता येतं. रोख रकमेवरच्या कराबद्दल पुढचा प्रश्न पाहा.

15. यावर कर लागतो का?

आयकर: 1962 च्या नियमांनुसार मालकाकडून वर्षभरात मिळालेल्या वस्तुरूप भेटी आणि व्हाउचर यांची एकूण किंमत 5,000 रुपयांच्या आत असेल तर करपात्र मूल्य शून्य धरलं जात होतं. आयकर कायदा 2025 हा 1 एप्रिल 2026 पासून लागू आहे. त्याखालच्या नियमांत आज लागू असलेली रक्कम तुमच्या लेखापालाकडून लेखी घ्या. दिवाळीची भेट, वाढदिवसाचं व्हाउचर आणि हे चिन्ह, सगळं एकाच वर्षाच्या बेरजेत धरलं जातं, आणि इथेच चूक होते. रोख रक्कम या सवलतीत बसत नाही, ती पगारासारखी करपात्र असते.

जीएसटी: मालकाने कर्मचाऱ्याला एका आर्थिक वर्षात दिलेल्या 50,000 रुपयांपर्यंतच्या भेटी पुरवठा मानल्या जात नाहीत, म्हणजे त्यांवर जीएसटी लागत नाही. मात्र भेट म्हणून दिलेल्या वस्तूंच्या खरेदीवर भरलेल्या कराचं इनपुट क्रेडिट (वजावट) जीएसटी कायद्याच्या कलम 17(5) मुळे मिळत नाही. बजेट करसहित धरा.

16. कंत्राटी कामगार, सफाई कर्मचारी, वॉचमन यांनाही तेच द्यायचं का?

हो. त्याच आकाराचं, त्याच साहित्याचं, तेवढ्याच नीट लिहिलेल्या ओळीसह. कायमच्यांना पितळ आणि कंत्राटींना प्लॅस्टिक ही वाटणी सगळ्यांना दिसते. कंत्राटदाराला आधी कळवा. प्रश्न 15 मधली 50,000 ची जीएसटी तरतूद मालक-कर्मचारी नात्यापुरती आहे, कंत्राटी माणूस कंत्राटदाराचा कर्मचारी असतो. त्यांचा खर्च हिशेबात वेगळा दाखवा.

17. पूर्ण टीमचा गौरव आहे. एकच मोठं चिन्ह की प्रत्येकाला वेगळं?

एकच मोठं दिलं तर ते मॅनेजरच्या केबिनमध्ये जातं. प्रत्येकाला तळहाताएवढं, स्वतःच्या नावाचं द्या, आणि विभागात लावायला सगळ्यांची नावं असलेली एक पाटी. दरवर्षी फिरती ढाल असेल तर नावाच्या पट्ट्यांसाठी किमान दहा वर्षांची जागा सोडा आणि जिंकणाऱ्याला कायमची छोटी प्रतिकृती द्या, कारण ढाल परत करावी लागते.

18. 25 वर्षं कुठून मोजायची?

नियम एकदा लिहून ठरवा आणि सूचनाफलकावर लावा. आमचा सल्ला: पहिल्या हजेरीच्या दिवसापासून, प्रशिक्षणाचा काळ धरून. प्रसूती रजा, आजारपण वजा करू नका. कंपनी विकली गेली, विलीन झाली, तरी माणसाची वर्षं तीच राहतात; चिन्हावर जुन्या कंपनीचं नावही येऊ द्या. कार्यक्रमाला रजेवर असलेल्यांचं चिन्ह ड्रॉवरमध्ये पडू देऊ नका, परतल्यावर सगळ्यांसमोर द्या.

19. मरणोत्तर गौरव करायचा असेल तर?

आधी कुटुंबाला घरी जाऊन विचारा, फोनवर नाही. नावापुढचा शब्द त्यांनाच ठरवू द्या. "कै." सगळ्यांना चालत नाही. वारकरी घरात "वै.", मुस्लीम घरात "मर्हूम", बौद्ध घरात "स्मृतिशेष" किंवा "कालकथित" म्हणतात. काहीच कळलं नाही तर "दिवंगत" लिहा. मजकूर मृत्यूबद्दल न लिहिता कामाबद्दल लिहा. अपघात कामावर झाला असेल आणि नुकसानभरपाई बाकी असेल तर ती मिळेपर्यंत कार्यक्रम करू नका. प्रदान सुरुवातीलाच, टाळ्या-संगीताशिवाय, आणि कुटुंबाच्या परवानगीशिवाय फोटो नाहीत.

20. कार्यक्रमाच्या दिवशी लक्षात आलं की नाव चुकलं आहे. आता?

चुकीचं चिन्ह स्टेजवर देऊ नका. त्या व्यक्तीला आधी बाजूला घेऊन सरळ सांगा, माफी मागा. स्टेजवर जादा घेतलेला कोरा नग द्या आणि सात दिवसांत बरोबर नाव कोरलेलं चिन्ह स्वतः नेऊन द्या. चुकीच्या अक्षरावर स्टिकर चिकटवणं हा उपाय नाही. पट्टी स्क्रूची असेल (प्रश्न 3) तर नुसती पट्टी बदलता येते.

21. परगावी किंवा परदेशी असलेल्या सहकाऱ्याला कसं पाठवायचं?

काच असेल तर दोन खोकी, एकात एक, आणि सगळ्या बाजूंनी किमान 5 सेंमी फोम. खोकं हलवल्यावर आत काहीही सरकायला नको. लाकडी बैठक आणि काच वेगवेगळी गुंडाळा; एकत्र बसवून पाठवलं की जोड तुटतो. दुबई, लंडनला पाठवताना खोक्यावर वस्तूचं वर्णन, साहित्य आणि किंमत खरी लिहा. कच्चं लाकूड, सुकं गवत, बी असलेल्या वस्तू परदेशी तपासणीत अडकतात. तिथे धातू सर्वांत सोपा.

22. निगा कशी राखायची? चिन्हासोबत सूचना द्यावी का?

द्यावी, दोन ओळींची चिठ्ठी पुरते. ॲक्रिलिक: मऊ सुती कापड, साधं पाणी, एखादा थेंब साबण. काच: साधं पाणी. लॅकर मारलेलं पितळ-तांबं: कोरडं कापड, चिंच-मीठ लावू नका, लॅकर निघून डाग पडतात. लॅकर नसलेलं तांबं चिंचेने घासलं तरी चालतं, लगेच धुऊन कोरडं करा. लाकूड: कोरडं कापड, पावसाळ्यात भिंतीला टेकवून ठेवू नका.

23. जुनी, न वाटलेली चिन्हं स्टोअरमध्ये पडून आहेत. त्यांचं काय करायचं?

आधी नावाच्या पट्ट्या काढा; कुणाचंही नाव भंगारात जाऊ देऊ नका. नाव असलेलं चिन्ह न्यायचं राहून गेलं असेल तर त्या माणसाचा किंवा कुटुंबाचा पत्ता शोधून ते पोचतं करा, कितीही वर्षं उलटली असली तरी. उरलेल्या लाकडी बैठका नव्या पट्ट्या लावून वापरता येतात. पितळ-तांबं मोडीत जातं. ॲक्रिलिकचे तुकडे कोरीवकाम करणारे नमुन्यांसाठी घेतात, त्यांना विचारा.